माय मदर, दहा ओळी

ब्लेनम, न्यूझीलंड
२२ सप्टेंबर २०२४

प्रतिभाताई,
वाकून नमस्कार.

फोन हाताशी असताना ही पत्रं कसली लिहिते, असं तुम्ही म्हणाल. पण व्हिडिओ कॉलवर आत्याबाई असतात, भारतदादा असतात, संजना फोन घेऊन गोठ्याकडे पळते आणि मला तुमचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. सासू आणि मोठे दीर समोर असताना दोन जावांचं असं काही बोलणं होतच नाही. म्हणून कागदावर.

येऊन दोन महिने झाले. हे सकाळी उजाडायच्या आत द्राक्षबागेत जातात. दिंडोरीला केलेलं काम इथं उपयोगाला आलं, मालक खूश आहे. मी घरात. शेजारीण कुंपणावरून काहीतरी गोड बोलते, मी हसते, ती पुन्हा बोलते, मी पुन्हा हसते. गाल दुखतात. नामपूरहून लग्न होऊन मखमलाबादला आले तेव्हा मी अशीच मुकी झाले होते. माहेरच्या अहिराणीत "पाणी शे का" म्हटलं की सगळं घर हसायचं. तेव्हा तुम्हीच मला मागच्या अंगणात नेऊन एकेक शब्द सांगितलात. इथं मागच्या अंगणात कोणी नाही.

पण एक क्लास लागलाय. गावच्या लायब्ररीत, नव्याने आलेल्या लोकांसाठी, फुकट. आमच्या बाईंचं नाव डोरीन. शाळेतून रिटायर झालेल्या, पांढरे केस, पायात पोरींसारखे बूट. त्या व्याकरण शिकवतच नाहीत. एकेक सण, एकेक कार्य घेतात. त्या दिवशी लोक काय बोलतात, हातात काय घेऊन जातात, किती वेळ बसतात, निघताना काय म्हणतात, ते सगळं आमच्याकडून करून घेतात. पहिला धडा वाढदिवसाचा. खरा केक आणला होता. "हाऊ ओल्ड आर यू? मेक अ विश." एक चिनी आजोबा सत्तर वर्षांचे, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मेणबत्ती विझवली.

बाईंनी विचारलं, तुमच्या घरी आता कोणाचा वाढदिवस? मी म्हटलं, "माय डॉटर. सेव्हन." आणि पुढचं काही इंग्रजीत येईना, मराठीतही येईना.

ताई, संजनाचे कागद मागाहून होणार हे माहीत असूनच तिला तुमच्याजवळ ठेवून आले. तक्रार नाही. एकच मागणं. चौदा ऑक्टोबरला तिला शाळेआधी सकाळी ओवाळा आणि तेव्हा मला फोन लावा. तुमची संध्याकाळ म्हणजे माझी मध्यरात्र. सकाळी केलंत तर मला नीट दिसेल.

तुमची
भाग्यश्री


मखमलाबाद, नाशिक
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने गेटवरूनच "फॉरेनचं पत्र" म्हणून ओरडून सांगितलं, सगळ्या गल्लीला कळलं.

वाढदिवस सकाळी जमला नाही गं. दसऱ्याला झेंडू इतका निघाला की दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. सोमवारी सकाळी सगळे मेल्यासारखे झोपलेले, पोरीची रिक्षा दारात. म्हटलं, संध्याकाळी सावकाश करू. तुला उठवायचं जिवावर आलं, म्हणून फोन लावला नाही. मन छोटं करू नकोस.

पण झाला मात्र झकास! गुलाबी फ्रॉक घेतला, खाली जाळी असलेला. वर्गातल्या सगळ्या पोरी बोलावल्या. आत्याबाईंनी ओवाळलं, मी ओवाळलं. पहिला घास कोणाला म्हणून सगळे विचारायला लागले, तर बाईसाहेब सरळ माझ्याकडं आल्या. तोंडभर क्रीम. व्हिडिओ पाठवलाच आहे, बघितला असशील.

तुझ्या क्लासचं वाचून हसू आलं. केक खाऊन इंग्रजी येतं होय? आम्हाला बारावीला इंग्रजीच्या सरांनी वर्षभर खडूने मारलं तेव्हा कुठं साठाच्या पुढं गेलो. या घरात इंग्रजी कोणाला येत असेल तर ते मला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं, तेवढ्यात यांचं स्थळ आलं आणि मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसले. आता विमानात बसून इंग्रजी शिकायला तू गेलीस. ज्याचं त्याचं नशीब. राग नाही, आपलं सहज लिहिलं.

संजनाची काळजी करू नकोस. मी रोज तिला घेऊन बसते. "हाऊ आर यू, आय ॲम फाइन" फाडफाड म्हणते. माझा गोरक्ष पुण्याला कॉलेजात गेल्यापासून पैसे संपले की फोन करतो. हिच्यामुळं घराला घरपण आहे.

तुझी
प्रतिभाताई


ब्लेनम
२४ नोव्हेंबर २०२४

प्रतिभाताई,
नमस्कार.

व्हिडिओ बघितला. पुष्कळदा बघितला.

त्या दिवशी मी क्लासला गेले नव्हते, एवढंच सांगते. फोन चार्ज करून टेबलावर उभा करून ठेवला होता. भिंतीला फुगे लावले होते, म्हणजे तिला मागे दिसतील. तुम्ही दमलेल्या होतात, मला कळतं. झेंडूच्या दिवसांत मीही त्या घरात राहिलेली आहे. म्हणून तर सकाळचं म्हटलं होतं, पाच मिनिटांचं.

तुम्हाला हसायला आणखी एक सांगते. क्लासमध्ये जेवण होतं. पाटीवर लिहिलं होतं, "ब्रिंग अ प्लेट". मला वाटलं, गरीब लायब्ररी, ताटं कमी असतील. मी आपलं लग्नातलं स्टीलचं ताट घासूनपुसून नेलं. तिथं बघते तर प्रत्येकीच्या हातात भरलेली थाळी. केक, भजी, भात, काय काय. इथं प्लेट आणा म्हणजे काहीतरी करून आणा. मी रिकामं ताट घेऊन दारात उभी. डोरीनबाईंनी माझ्याकडून ते घेतलं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवून म्हणाल्या, याच्यात प्रत्येकीने आपल्यातलं थोडं थोडं वाढा. माझ्याच ताटात सगळ्यात जास्त जमलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र खूप रडले, कशासाठी ते नीट सांगता येत नाही.

आता खरं लिहिते. परवा कॉलवर संजना म्हणाली, "मम्मी, हे बघ, आईने घेतलं." कोणती आई, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "आई म्हणजे आई, मोठीआई." तुम्हाला ती जन्मापासून मोठीआई म्हणते. त्यातलं मोठी कधी गळालं?

ताई, मला तुमचा हेवा वाटतो. जेवताना वाटतो, शेजारणीची पोरं शाळेतून येताना वाटतो. लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं.

नाताळासाठी एक पार्सल पाठवते. लाल गमबूट आहेत आणि त्याच रंगाचा रेनकोट. इथली सगळी पोरं घालतात. तिला सांगा, मम्मीने पाठवलेत.

भाग्यश्री


मखमलाबाद
२० जानेवारी २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस आशीर्वाद.

पार्सल मिळालं. बूट मोठे होतात. ठेवून दिलेत.

हेवा वाटतो म्हणून लिहितेस. अगं, हेवा कोणाचा करतेस? सकाळी तिच्या डोक्यातल्या उवा काढते तिचा? मध्यंतरी ताप आला तेव्हा भावजींना कळवलंही नाही, तुम्ही तिकडून काय करणार म्हणून. तीन दिवस मांडीवरून उतरली नाही. आणि आई म्हणायला मी शिकवलेलं नाही. पोराचं तोंड आहे, सोपं ते बोलतं.

असो. चांगलं ते सांगते. तुझ्या डोरीनबाईंचं वाचून मी म्हटलं, सणासुदीला इंग्रजी शिकवायचं तर आमच्याकडं काय सणांचा दुष्काळ आहे? संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि संजनाला दारात उभं केलं. "वेलकम आंटी. प्लीज सिट डाउन. प्लीज टेक तिळगूळ. प्लीज कम अगेन." शेजारच्या झुंबरबाईंना हिने विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" बाई लाजून म्हणाल्या, "झुंबर." तिसऱ्या घरात राहतात, पोर रोज त्यांच्या ओट्यावर खेळते. वाण लुटलं ते बाजूलाच राहिलं, सगळ्यांच्या तोंडी संजनाचं इंग्रजी. कोणी शिकवलं, कोणी शिकवलं? आत्याबाईच म्हणाल्या, "आमच्या थोरलीनं. लय हुशार हाय, पन कोनाला ठावं?"

शाळेच्या गॅदरिंगमध्येही तिला इंग्रजी भाषणात घेतलं. माय मदर, दहा ओळी. माझी आई मला सकाळी उठवते, माझी आई मला डबा देते, असं. मीच लिहून दिलं, मीच पाठ करून घेतलं. पहिली ओळ नावाची होती. पोरगी माईकपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "माय मदर्स नेम इज प्रतिभा." आता काय करू? निघून गेलं लेकराच्या तोंडातून. टाळ्या पडल्या, दुसरा नंबर आला.

तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिणार नव्हते. पण कोणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

प्रतिभाताई


ब्लेनम
१६ फेब्रुवारी २०२५

प्रतिभाताईंस,

संजनाचे कागद झाले. व्हिसा आला. पुढची शाळा इथं, एप्रिलच्या शेवटी नवं सत्र सुरू होतं त्यात.

रविवारी कॉलवर तुम्ही घरात नव्हतात. संजनाने मला दहाही ओळी म्हणून दाखवल्या. मी विचारलं, "पहिल्या ओळीत नाव चुकलं का गं?" ती म्हणाली, "नाही मम्मी. मी तुझं नाव म्हणत होते तर मोठीआई म्हणाली, ते नाही, प्रतिभा म्हण."

मग मी विचारलं, लाल बूट आवडले का? तिने विचारलं, "कोणते बूट?"

या आठवड्यात क्लासमध्ये आभाराचा धडा होता. इथं लोक प्रत्येक गोष्टीला आभाराचं कार्ड लिहितात. जेवायला बोलावलं, आजारपणात सूप आणून दिलं, पोर सांभाळलं. बाईंनी सगळ्यांना कार्ड वाटली आणि म्हणाल्या, तुमचं सगळ्यात जास्त ज्यांनी केलं त्यांना लिहा. ते नाव मला लगेच सुचलं. कोणाचं ते तुम्हाला माहीत आहे. मी ते लिहिलं आणि त्याखाली एक ओळही लिहू शकले नाही. बाईंना वाटलं, मला शब्द येत नाहीत. त्या जवळ बसून शब्द सांगायला लागल्या. थँक यू फॉर युवर काइंडनेस.

ताई, तिला मी तुमच्याकडे सांभाळायला दिली होती.

भाग्यश्री


मखमलाबाद
६ मार्च २०२५

भाग्यश्री,

सांभाळायला दिली होती म्हणतेस. सांभाळायला म्हशी देतात. पोर दिली की तिच्या मागून जीव जातो, हे तुला देताना कळलं नाही का?

हो, मीच म्हणायला लावलं. तुला खोटं लिहिलं, तेही खरं. ऐक मग. त्या दहा ओळी मी लिहायला बसले. उठवतं कोण, मी. डबा देतं कोण, मी. दात पडला तो कौलावर टाकला कोणी, अंधाराला भिते तेव्हा हात कोण धरतं, सगळ्या ओळी माझ्याच निघाल्या. वर तुझं नाव घातलं असतं तर खालच्या नऊ खोट्या पडल्या असत्या. पोरीला खोटं बोलायला शिकवू?

बूट दिले. पायात घालून झोपली. झालं समाधान?

आणि आता पुढचं. जायचं म्हटल्यापासून पोर जेवत नाही. काल ती सापडेना म्हणून सगळं शेत पालथं घातलं, तर झेंडूच्या वाफ्यात पालथी पडून राहिलेली. मला म्हणाली, "मी नाही जाणार, मला तिथलं बोलता येत नाही." आत्याबाई म्हणतात, "न्हाय जायचं तर ऱ्हाऊ द्या, पोर काय पार्सल हाय का?" मी काही म्हणत नाही. तू तिची जन्मदाती, कागद तुझ्याकडं. पण तिला ओढून नेऊ नकोस एवढंच सांगते.

तिला मी इंग्रजीच बोलायला लावते आता घरात. जेवायचं तरी इंग्रजीत माग म्हणते. तुला या घरात हसले तसं तिला तिथं कोणी हसू नये. हे मात्र खरं लिहिते, विश्वास ठेव नाहीतर ठेवू नको.

प्रतिभा


ब्लेनम
१९ मार्च २०२५

ताई,

काल संजना फोनवर "हाऊ आर यू मम्मी, आय ॲम फाइन" एवढंच बोलली. मी मराठीत विचारत राहिले, ती इंग्रजीत उत्तरं देत राहिली, शाळेत तपासनीस आल्यासारखी. शेवटी हळूच म्हणाली, "मम्मी, तिकडं मी मराठीत रडले तर तुला कळेल का?"

हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं, विचारत नाही. तुम्ही भल्यासाठी केलं असेल. तुम्ही नेहमी भल्यासाठीच करता.

हे तोडणीच्या कामात अडकलेत. मीच येते. बारा एप्रिलला पोचेन.

सध्या पाहुणा म्हणून कोणाकडे जावं कसं, याचा धडा चाललाय. आधी विचारायचं, येऊ का, ही वेळ सोयीची आहे का. मी बाईंना सांगितलं, या वेळी मी विचारणार नाही.

भाग्यश्री


मखमलाबाद
२ मे २०२५

भाग्यश्रीस,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं भावजींच्या फोनवरून कळलं. मी फोनवर आले नाही, त्यांना वाटलं मी कामात आहे.

तुम्ही जाऊन आठवडा झाला. घरात असताना आपण दोघी मीठ दे, पाणी दे, याच्यापुढं काही बोललो नाही. मग आता लिहिते.

तू आलीस तेव्हा पहिले तीन दिवस ती तुझ्याजवळ फिरकली नाही. माझ्या पदराआडून तुझ्याकडं बघायची. तू तिला ओढलं नाहीस, रागावली नाहीस. मला काय वाटत होतं, सांगू? गार वाटत होतं. रोज सकाळी उठून आधी बघायचे, अजून माझ्याच कुशीत आहे ना.

मग त्या दिवशी तू ओट्यावर बसून तुझ्या आईला फोन केलास. "बरं शे ना माय?" म्हणून सुरू झालीस, आणि पुढं ते तुमचं अहिराणी बोलणं, हसणं, ओरडणं. संजना घरातून ऐकत होती. एकदम पळत बाहेर गेली आणि तुझ्या मांडीवर चढून बसली. "मम्मी, परत बोल. ते शे शे परत बोल." तुला वाटलं मी स्वयंपाकघरात आहे. मी दारामागंच होते. ज्या बोलण्याला या घराने तुला हसलं, जे मी तुझ्या तोंडातून काढून टाकलं, त्याच्यावर पोर भुलली. मी इतके महिने तिला इंग्रजी शिकवत बसले होते.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी मार्केट यार्डात गेले. तुम्हाला सगळ्यांना वाटलं, प्रतिभाला बघवणार नाही म्हणून गेली. आत्याबाई तसंच सांगत फिरतात. तसं नव्हतं. मला वाटलं, मी दिसले नाही तर पोर गाडीत बसायचीच नाही. हातपाय आपटेल, मोठीआई पाहिजे म्हणून लोळेल, आणि तुला मला फोन करावा लागेल. ताई, या, ही ऐकत नाही. एवढं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून गेले. कोथिंबीर तासाभरात विकली गेली. तरी मी तिथंच भाजीच्या रिकाम्या कॅरेटवर फोन हातात धरून बसून राहिले. फोन काही आला नाही.

घरी आले आणि आत्याबाईंना विचारलं, गेली? त्या म्हणाल्या, "गेली की. डायव्हरशेजारी बसायचं म्हनून भांडली." माझं काही म्हणाली का? "म्हनली ना. मोठीआईला सांगा, माझी सायकल कोनाला देऊ नको."

भाग्यश्री, मी तुझ्यावर जळले. तू आकाशात उडून गेलीस म्हणून आधी जळले, आणि मग ती तुझी आहे म्हणून जळले. अजून जळते. बोलून दाखवायला कोणी नाही म्हणून तुलाच लिहिते, बघ कसं आहे.

सायकल पुसून ठेवली आहे.

प्रतिभाताई


ब्लेनम
१८ मे २०२५

प्रतिभाताई,
नमस्कार.

तुमचं पत्र कालच मिळालं. वाचून मला राग यायला हवा होता. पण गाडी नाशिकच्या बाहेर पडेपर्यंत मीही मागे वळून बघत होते, तुमची गाडी मागून येते की काय म्हणून. ड्रायव्हरला दोनदा म्हटलं, जरा पटपट चला. तुम्ही आला असतात तर ती उतरली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

संजना शाळेत जाते. पहिले दोन दिवस वर्गात एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगी रडत होती, तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "वेलकम. प्लीज सिट डाउन. प्लीज कम अगेन." तिच्या शिक्षिकेने मला थांबवून सांगितलं, तुमच्या मुलीइतकं अगत्याने बोलणारं मूल वर्गात दुसरं नाही. कुठे शिकली? मी सांगितलं, "हर आंट. इन नाशिक." खोटं बोलावंसं वाटलं होतं. बोलले नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असा आठवडाभर विचार चाललाय.

मागच्या रविवारी मदर्स डे होता. त्याच्या आदल्या गुरुवारी डोरीनबाईंनी क्लासमध्ये सगळ्यांची मुलं बोलावली. एका टेबलावर आम्ही चहाचं शिकत होतो, दूध आधी की साखर आधी, आणखी हवंय का, पुरे. दुसऱ्या टेबलावर मुलं कार्ड करत होती. संजना जीभ बाहेर काढून रंगवत होती. मधूनच उठून बाईंना काहीतरी विचारायची. मग मुलं एकेक करून आली आणि आपापल्या आईला कार्ड दिलं, हॅपी मदर्स डे म्हणाली. मी हात पुसून उभी राहिले.

तिने कार्ड माझ्या हातात दिलं. वर पी अक्षरापासून प्रतिभा लिहिलेलं. बाईंकडून स्पेलिंग विचारून घेतलं होतं तिने. आत झेंडूचं फूल काढलंय, केशरी. म्हणाली, "मम्मी, हे पोस्टात टाक. मोठीआईला."

मी विचारलं, "आणि मला?"

ती म्हणाली, "तुला कशाला? तू तर इथंच आहेस ना." आणि बिस्किटं खायला गेली.

डोरीनबाईंनी बघितलं असावं. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. त्या दिवशी शिकवलेलं "नो थँक यू, आय हॅव हॅड इनफ" मला वेळेवर आठवलं नाही.

ताई, ते कार्ड मी कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं. संजनाने दोनदा विचारलं, पोचलं का? मी म्हटलं, वेळ लागतो. मग एकदम लाल बूट डोळ्यापुढे आले आणि माझीच मला लाज वाटली. सोबत पाठवते आहे. कोपरा थोडा दुमडलाय, तो मीच दुमडलाय.

नऊ महिने तुमच्याजवळ काढले तर तुम्हाला कार्ड. मी सात वर्षं काढली, त्याचं काय?

भाग्यश्री


मखमलाबाद
८ जून २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. आत्याबाईंना दाखवलं, झुंबरबाईंना दाखवलं, भाजी घ्यायला आलेल्या माणसालाही दाखवलं. यांनी प्लास्टिकमध्ये घालून आणलं. गोरक्षला फोटो पाठवला, तर त्याने उलट फोन केला, पैसे न मागता. म्हणजे कार्डाचा मान मी पुरेपूर घेतला. सोडलं नाही काही.

पण तुझं पत्र मात्र कोणाला दाखवलं नाही. त्यातली एक ओळ मला काही केल्या पचत नाही. तू तर इथंच आहेस ना.

अगं, इतके महिने ती असंच माझ्याशी वागत होती. तुझे फोन आले की नटून बसायची, पाठ केलेलं म्हणून दाखवायची, तुझ्यासाठी चित्रं काढायची. मला कधी एक चित्र दिलं नाही. माझ्या पदराला हात पुसायची आणि पळायची. मला त्याचा राग यायचा. म्हणायचे, राबते मी आणि चित्र तिला. त्या भरात तुझी तीन चित्रं पाठवायचं राहूनही गेलं. या पाकिटात घातली आहेत. तू त्यात माझ्यापेक्षा उंच काढलेली आहेस.

आता पत्ता माझा झाला आणि पदर तुझा. कार्ड कोणाला काढतात, तुला अजून कळत नाही? तुझ्या डोरीनबाईंना विचार, त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना ठाऊक असेल.

पोरगी तुझ्याकडं आली, भाग्यश्री. पुरती आली. हे तुला सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून मी सांगते. सांगताना मला आनंद होत नाहीये, हेही लिहून ठेवते.

तुझी
प्रतिभाताई